व्हेरियर एल्विन : परदेशात जन्मलेले भारतीय नागरिक

गोंदिया स्टेशनातून उत्तरेस बालाघाट, नैनपूर व पुढे जबलपूरपर्यंत जाणारा लोहमार्ग आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. तो लहान रुळांचा होता त्या काळी कित्येकांच्या वडिलांनी व आजोबांनी त्यावरून सावकाश प्रवास केलेला असेल. या मार्गाच्या पूर्वेस मैकल पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. तेथील रानावनांत गोंड, बैगा व परधान लोकांची वस्ती आहे. आपल्या जिल्ह्यात सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या बाजूंस राहणाऱ्या गोंड बांधवांचे हे सगेसोयरेच म्हणावयाचे. ब्रिटिश अमदानीत मंडला, बालाघाट व ज्यातून १९९९ साली आपला गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तो भंडारा, हे सर्व एकाच मध्यप्रांतात मोडत असत आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर ही होती. या डोंगराळ मुलखात एक इंग्रज गृहस्थ १९३२ साली येऊन राहिले आणि बावीस वर्षांनी भारताचे नागरिक झाले. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आम्ही या देशाचे नागरिक आहोत, परंतु त्यासाठी आपणांपैकी बहुतेकांनी कोठे अर्ज केलेला नाही, की कोणाची परीक्षा दिलेली नाही. जन्माबरोबर ही गोष्ट आपणांस आपोआप लाभली. ज्याचा जन्म परक्या देशात झाला त्याने हा अधिकार मागितला असता राज्यसंस्था त्याला काय विचारते, आणि तिच्या प्रश्नांत मनुष्याचे खरे माप कितपत उतरते, हे एल्विन यांच्या आयुष्यावरून जितके स्पष्ट होते तितके नुसते कायद्याचे पुस्तक वाचून होत नाही.

हॅरी व्हेरियर होल्मन एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडातील डोव्हर या बंदरगावी झाला. त्यांचे वडील पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन येथे बिशप होते. मुलगा सात वर्षांचा असतानाच १९०९ साली ते तिकडे तापाने वारले. मातोश्रींनी मोठ्या धर्मनिष्ठेने मुलांस वाढविले. चेल्टनहॅम येथील शाळा संपवून व्हेरियर हे ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात दाखल झाले आणि तेथे इंग्रजी वाङ्मय व धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी पहिला वर्ग मिळविला. लागलीच एका धर्मशिक्षण-संस्थेत त्यांची उपप्राचार्य म्हणून नेमणूकही झाली. वयाच्या पंचविशीत हा मान ज्यास मिळाला, त्यास पुढील आयुष्य सुखाने घालविण्यास काहीच अडचण नव्हती. परंतु १९२७ च्या नोव्हेंबरात ते ख्रिस्त सेवा संघ या संस्थेचे सभासद म्हणून हिंदुस्थानात आले.

या संघाचे स्थान प्रथम अहमदनगर येथे व नंतर पुण्यास होते. रेव्हरंड जॅक विन्स्लो यांनी तो स्थापिला होता. येथील मंडळी खादी वापरीत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेत आणि इंग्रज व हिंदी सभासदांत भेद मानीत नसत. येथेच एल्विन यांची शामराव हिवाळे या मराठी तरुणाशी गाठ पडली. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. आमच्या मते एल्विन यांच्या चरित्रातील निम्मे श्रेय शामरावांकडे जाते. परंतु पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ज्याचे नाव मोठे छापले जाते तोच जगाच्या लक्षात राहतो, असा अनुभव आहे.

१९२८ च्या आरंभी साबरमती आश्रमात सर्वधर्मीयांची एक परिषद भरली. तेथे एल्विन यांस महात्मा गांधींचे प्रथम दर्शन झाले आणि त्यांच्या मनाची दिशा पालटली. १९३० साली सत्याग्रह सुरू होताच त्यांनी उघडपणे हिंदी लोकांचा पक्ष घेतला, त्याच्या समर्थनार्थ लेख व पुस्तके लिहिली, आणि स्वजातीच्या सरकारचा रोष ओढवून घेतला. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, त्या वेळी एल्विन व शामराव त्याच घरी उतरलेले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरहद्द प्रांतातील दडपशाहीची माहिती मिळविण्याकरिता ते पेशावरास गेले असता तेथील अधिकाऱ्यांनी त्यांस त्या प्रांतातून बाहेर काढले. वल्लभभाई पटेल व जमनालाल बजाज यांच्या सल्ल्याने त्यांनी ज्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नव्हते अशा गोंड लोकांत जाऊन राहावयाचे ठरविले. त्याच जानेवारीच्या अखेरीस ते व शामराव मंडला जिल्ह्यातील करंजिया गावी पोहोचले.

येथे त्यांच्या आयुष्यातील पहिला शपथेचा प्रसंग उद्भवला. हा मुलूख नागपूरच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रात येत असे आणि तेथे धर्मोपदेशक म्हणून काम करण्यास त्यांचा परवाना लागे. परवान्यासाठी बादशहाशी राजनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी, अशी बिशपांची अट होती. बहुतेक इंग्रज पाद्र्यांस ही शपथ म्हणजे केवळ एक रीत वाटत असे. एल्विन यांनी मात्र तिचा अर्थ मनावर घेतला. जे राज्य आपल्या मित्रांस तुरुंगात टाकीत आहे, त्याशी निष्ठा ठेवण्याचे वचन देता येत नाही असे ठरवून त्यांनी शपथ नाकारली, आणि परवाना गेला. ज्या मनुष्याने शपथेचे शब्द तोंडदेखले उच्चारावयाचे नाकारले, त्याने बावीस वर्षांनी दुसऱ्या एका राष्ट्राशी निष्ठेचा संबंध आपण होऊन जोडला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीचा. उन्हाळ्यात ते इंग्लंडास गेले असता त्यांच्या पासपोर्टावर हिंदुस्थानात परत येण्याची बंदी करण्यात आली. स्वतःच्याच साम्राज्याच्या प्रजाजनास त्या साम्राज्याच्या एका भागात पाऊल टाकता येईना! पुष्कळ खटपटीनंतर त्यांजकडून एक लेखी हमी घेण्यात आली. आपण गोंड लोकांच्या सेवेपुरतेच काम करू, कायदेभंगाच्या चळवळीत भाग घेणार नाही आणि राजकीय मंडळींपासून होता होईल तो दूर राहू, असा तिचा आशय होता. शपथ नाकारणाऱ्या माणसाने ही हमी मात्र दिली. तिच्यावाचून करंजियाचे दार कायमचे बंद झाले असते. काही स्नेह्यांस ती माघार वाटली असेल. आम्हांस तीत त्यांचे मन कोणत्या गोष्टीत अधिक गुंतले होते हे दिसून येते. कोणत्या भूमीवर राहण्याचा आपणांस अधिकार आहे, हे दुसऱ्याने कागदावर ठरवावे म्हणजे मनुष्याची काय स्थिती होते, याचा अनुभव त्यांस वयाच्या तिसाव्या वर्षी मिळाला.

करंजिया येथे दोघा मित्रांनी गोंड सेवा मंडळ नावाची संस्था काढली. कुडाच्या व मातीच्या झोपड्यांतून शाळा, दवाखाना व कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान चालू झाले. रस्ता नाही, टपाल अनियमित, हिवतापाचा त्रास नित्याचा, आणि पैशाची नेहमीच ओढ. या मुक्कामाची हकीकत एल्विन यांनी रोजनिशीच्या रूपाने १९३६ साली प्रसिद्ध केली. तीत त्यांनी स्वतःचीच भरपूर थट्टा केलेली आहे.

त्यांच्या धर्ममतांतही या काळात मोठा पालट झाला. आपण या लोकांस शिकविण्यास आलो, परंतु त्यांजपासून शिकण्यासारखेच अधिक आहे, असे त्यांस वाटू लागले. धर्मांतराचे कार्य आपल्या हातून होणार नाही असे पटल्यावर १९३५ साली त्यांनी धर्मोपदेशकाचे पद सोडले व चर्चशी असलेला संबंधही तोडला. मिशनच्या शाळेच्या वार्षिकात ही गोष्ट दडवून ठेवावी असे कोणास वाटेल. परंतु बिशपांचा मुलगा असलेल्या या माणसास हा निर्णय सोपा गेला नाही, आणि मनात एक व बाहेर दुसरे असे न ठेवण्याची जी वृत्ती बिशपांपुढे दिसली तीच येथेही दिसली, एवढे म्हणावयास हरकत नाही.

यापुढे ते मानववंशशास्त्राचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. १९३९ साली बैगा लोकांवरील, १९४२ साली लोखंड गाळणाऱ्या अगरिया लोकांवरील, आणि १९४७ साली बस्तरमधील मुरिया व त्यांचे घोटुल यांवरील ग्रंथ त्यांनी प्रकाशित केले. आपल्या शेजारच्या गडचिरोली भागातील वाचकांस घोटुल हा शब्द नवा नाही. शामरावांच्या सहकार्याने त्यांनी मैकल टेकड्यांतील लोकगीतेही संग्रहित केली. शामरावांनी स्वतः १९४६ साली परधान लोकांवर एक उत्तम ग्रंथ लिहिला. हे सर्व लेखन दूरच्या ग्रंथालयात बसून झालेले नसून ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्याच गावात राहून, त्यांच्या सणांत व मयतीत भाग घेऊन झालेले आहे.

बैगा लोकांची बेवर म्हणजे जंगल तोडून, जाळून, त्या राखेत बी फेकण्याची शेती सरकारने बहुतेक ठिकाणी बंद केली होती. त्यामुळे त्यांच्या जीवनाचा आधारच तुटला, असे एल्विन यांचे म्हणणे होते. सावकार, ठेकेदार व बाहेरचे जमीनदार यांपासून या लोकांस वाचविण्याकरिता त्यांचा प्रदेश राखून ठेवावा अशी सूचना त्यांनी केली, आणि तीवरून मोठे वादळ उठले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे नामांकित प्राध्यापक डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली याच प्रश्नावर एक ग्रंथ लिहून एल्विन यांच्या मताचा प्रतिवाद केला, व आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले अंग होय असे प्रतिपादिले. ठक्करबाप्पांसारख्या थोर सेवकासही एल्विन यांचा मार्ग मान्य नव्हता. येथील माणसांस येथील माणसांपासून अलग ठेवू पाहणारा हा इंग्रज खरोखर कोणाच्या बाजूचा आहे, अशी शंका त्या काळी पुष्कळांच्या मनात आली. तिला उत्तर देणे त्यांस अवघड होते. कारण तर्काने मत खोडता येते, जन्मस्थान खोडता येत नाही. आमच्या मते प्रदेश राखून ठेवण्याची त्यांची सूचना चुकीची होती, परंतु सावकार व ठेकेदार यांविषयीचे त्यांचे निदान बरोबर होते. एल्विन यांनीही पुढे ही सूचना मागे ठेवली.

त्यांच्या गृहजीवनाविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. १९४० साली त्यांनी एका गोंड तरुणीशी विवाह केला. हा संसार सुखाचा झाला नाही व १९४९ साली न्यायालयाच्या निकालाने तो संपला. आत्मचरित्रात त्यांनी या विवाहास फारच थोडी जागा दिली आहे.  हजारो पृष्ठांत गोंड जीवनाचे वर्णन करणाऱ्याने या एका गोंड स्त्रीविषयी मौन पाळावे, ही त्यांच्या चरित्रातील उणीव होय. पुढे त्यांनी पाटणगढच्या एका परधान स्त्रीशी विवाह केला. तो संसार अखेरपर्यंत टिकला.

स्वातंत्र्य आले. पुष्कळ इंग्रज मायदेशी परतले, एल्विन परतले नाहीत. १९४६ पासून काही वर्षे ते भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण खात्याचे उपसंचालक होते. १९५४ साली पंडित जवाहरलाल नेहरूंच्या सरकारने त्यांस ईशान्य सरहद्द प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, कारभारात आदिवासी विषयांचे सल्लागार नेमले आणि ते शिलाँगला राहावयास गेले. त्याच वर्षी ते भारताचे नागरिक झाले. परकीयांपैकी स्वतंत्र भारताचे नागरिकत्व स्वीकारणाऱ्या अगदी पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते.

नागरिकत्व मागणाऱ्या परकीयास आपले राज्य काय विचारते, हे येथे सांगितले पाहिजे. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने त्या दिवशी नागरिक कोण हे ठरविले व पुढील नियम करण्याचे काम संसदेवर सोपविले. त्याप्रमाणे १९५५ च्या अखेरीस नागरिकत्वाचा कायदा झाला, म्हणजे एल्विन यांच्या नंतर एका वर्षाने. त्या कायद्याच्या अटी त्यांस लागू झाल्या नाहीत हे उघड आहे, तरी त्या त्यांच्या आयुष्याशी ताडून पाहणे उद्बोधक होईल. अर्जदाराने अर्जाच्या लगत पूर्वी सबंध बारा महिने भारतात राहिलेले असावे, आणि त्याच्या आधीच्या सात वर्षांपैकी एकूण चार वर्षे येथे काढलेली असावीत, असे मूळचे कलम होते. ही मुदत पुढे वाढत गेली. आज चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे लागतात. तीन शेजारी देशांतून आलेल्या काही ठराविक समाजांच्या लोकांस २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांवर आणली आहे. एल्विन यांची तोपर्यंत सव्वीस वर्षे या देशात गेली होती.

दुसरी अट भाषेची. घटनेच्या आठव्या परिशिष्टातील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान अर्जदारास असावे लागते. त्या यादीत आरंभी चौदा भाषा होत्या, आज बावीस आहेत. मराठी व हिंदी पहिल्यापासून आहेत, संताळी व बोडो मागाहून आल्या, परंतु लाखो लोकांची मातृभाषा असलेली गोंडी तीत अद्याप नाही. तेव्हा एखादा परदेशी गृहस्थ आपल्या जिल्ह्यातील गोंड पाड्यावर वीस वर्षे राहून अस्खलित गोंडी बोलू लागला, तरी तेवढ्या ज्ञानावर त्याची ही अट पुरी व्हावयाची नाही. आमच्या शाळेतील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी गोंडी बोलली जाते, त्यांनी याचा विचार करावा.

तिसरी अट चांगल्या चारित्र्याची. कायदा हे शब्द वापरतो, परंतु चांगले म्हणजे काय ते सांगत नाही. प्रत्यक्षात पोलीस व महसूल अधिकाऱ्यांच्या चौकशीवरून ते ठरते. ब्रिटिश सरकारच्या दप्तरात एल्विन यांची नोंद संशयित म्हणून होती, आणि स्वतंत्र भारताच्या सरकारने त्यांस विश्वासाचे पद दिले. माणूस तोच होता, दप्तर बदलले. त्यांच्या पहिल्या संसारात जे घडले त्याची नोंद मात्र या दोहोंपैकी कोणत्याही दप्तराच्या रकान्यात बसणारी नव्हती.

याखेरीज अर्जदाराने आपल्या पूर्वीच्या देशाचे नागरिकत्व सोडावे लागते, कारण भारत एका वेळी दोन देशांचे नागरिकत्व मान्य करीत नाही. पुढे भारतातच राहण्याचा किंवा भारत सरकारच्या सेवेत असण्याचा त्याचा हेतू असावा लागतो. ज्या देशाचा कायदा भारतीयांस नागरिक होऊ देत नाही, त्या देशाच्या प्रजाजनास येथेही हा मार्ग मोकळा नसतो. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, वाङ्मय, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत ज्याने विशेष सेवा केली असेल, त्यास या अटी माफ करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखून ठेवला आहे. आणि सर्वांत शेवटी शपथ येते. भारताच्या राज्यघटनेवर खरी श्रद्धा व निष्ठा ठेवीन, येथील कायदे पाळीन व नागरिकाची कर्तव्ये पार पाडीन, असे अर्जदारास सांगावे लागते. या शपथेत कोणा राजाचे नाव नाही, हे १९३२ चा प्रसंग आठवणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

सरहद्द प्रदेशातील एल्विन यांचे काम दहा वर्षे चालले. पायी, खेचरांवरून व झुलत्या वेलींच्या पुलांवरून त्यांनी दूरदूरच्या खेड्यांस भेटी दिल्या. १९५७ साली त्यांनी या प्रदेशाच्या कारभाराविषयी एक ग्रंथ लिहिला. आदिवासींस अजिबात अलग ठेवू नये, परंतु बाहेरच्या अधिकाऱ्यांची, कायद्यांची व चालीरीतींची त्यांच्यावर एकदम गर्दीही करू नये, त्यांच्या जमिनीवरील व जंगलावरील हक्क राखावेत, असा त्याचा मथितार्थ होता. पूर्वीच्या टीकेतून ते काही शिकले होते असे यावरून दिसते. नेहरूंनी त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिली. १९६१ साली त्यांस पद्मभूषण ही पदवी मिळाली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर हेच धोरण पुन्हा टीकेचा विषय झाले आणि सरहद्द मोकळी न ठेवल्याचा दोष काहींनी त्यांजकडे दिला. मात्र आता ती टीका एका भारतीयावर होती.

प्रकृती आधीपासूनच खालावली होती. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्ली येथे हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि १९६५ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मरणोत्तर देण्यात आले. भारतीय लेखकास द्यावयाचे ते पारितोषिक होते. त्यांच्या मुलांची नावे जवाहरलाल, वसंत, नकुल व अशोक अशी आहेत.

शामराव हिवाळे मैकलच्या डोंगरातच राहिले. मित्र कलकत्त्यास, शिलाँगला व दिल्लीस गेला तरी पाटणगढच्या लोकांनी दुखण्याखुपण्यात ज्यांच्या दाराशी यावे ते हेच होते. त्यांस नागरिकत्वासाठी कधी अर्ज करावा लागला नाही. पाटणगढ आता दिंडोरी जिल्ह्यात येते आणि तेथील परधान चित्रकारांची रंगीत चित्रे देशोदेशीच्या संग्रहालयांत गेली आहेत.